शंकरला दिलेली सुई

भूम,
९ ऑगस्ट १९६५

प्रिय नसीम,

तुझी तीन कार्डं आली आणि मी एकालाही उत्तर दिलं नाही. रागावली असशील, आणि रागवायलाच हवंस. निजामाच्या शाळेत माझे उर्दूचे नुक्ते चुकले की तू तोंडावर ओढणी घेऊन हसायचीस. आता मराठीत तुझ्या वेलांट्या भलतीकडं जातात आणि हसायची पाळी माझी. पण या वेळी हसू आलं नाही. तिन्ही कार्डांवर एकच मागणं, "जगू, डॉक्टरभाईंना सांग, तुझ्या शंकरला दिली तीच सुई माझ्या सादिकला पायजे." कार्डं पिठाच्या डब्यामागं ठेवली आहेत. रोज पीठ घेताना दिसतात, आणि ती तिथून हलवायचंही माझ्यानं होत नाही.

शंकर सात वर्षांचा झाला. चिंचेवर चढतो, खाली ये म्हटलं की आणखी वर जातो. तो धावला की मला तुझी जमिला आठवते. दिवाळीनंतर मी परंड्याला आले तेव्हा ती काठी टेकत दारापर्यंत आली आणि म्हणाली, "खाला, शंकर न्हाय आला?" त्याला ताप आहे असं मी सांगितलं. ताप कसला, चांगला हुंदडत होता. तुझ्या अंगणात, जमिलासमोर, त्याला धावताना बघायची माझी छाती नव्हती.

त्या दिवशीही तुझ्या सासूबाई तुला ऐकवत होत्या, "तापात पोरीला गार पाण्यानं न्हाऊ घातलं अन् पाय घालवला." तू भाकरी थापत राहिलीस. सकिनाबींचं हे बोलणं तू पाच वर्षं ऐकते आहेस, आणि मला ठाऊक आहे, तू ते खरंही मानतेस. मी शेजारी बसून चहा प्याले.

तो पावसाळा आठव. तेव्हा तुझ्या पाशाभाईंची परंड्याला बदली व्हायची होती, तुझी-माझी घरं भिंतीला भिंत लागून होती. मी टायफॉइडनं अंथरुणाला खिळलेली. शंकर दोन वर्षांचा, त्याला दोन दिवस बारीक ताप आणि जुलाब. त्याचे लंगोट तू धुतलेस, चार दिवस, अंगणातल्या दगडावर. मी नको नको म्हणत होते, तर "गप पड" म्हणून मलाच दटावलंस. जमिला त्याच्याच ताटात जेवायची. पंधरवड्यात ती तापली आणि तिचा पाय लुळा पडला. गाव म्हणालं, डॉक्टरांचा पोरगा मुंबईहून आणलेल्या पोलिओच्या सुईनं वाचला. तू तर, निदान शंकरला काही झालं नाही, म्हणून अल्लाहचे आभार मानलेस. ते आभार अजून माझ्या कानात आहेत.

सुई खोटी नव्हती. पण पुढच्या वर्षी ह्यांनी एका मासिकात वाचलं आणि जेवता जेवता मला सांगितलं. सुईनं रक्तात प्रतिद्रव्यं तयार होतात, म्हणजे त्या विषाणूशी लढणारी द्रव्यं. ती त्याला मज्जारज्जूपर्यंत पोचू देत नाहीत, म्हणून पाय वाचतात. पण विषाणूचं घर आतड्यात, आणि तिथं सुईचा पहारा तोकडा पडतो. मूल हसतंखेळतं राहतं आणि त्याच्या शौचातून रोग बाहेर पडत राहतो. हे सांगत होते आणि मला दगडावरचे तुझे हात दिसत होते.

तो रोग आमच्याच घरातून आला, असं छातीठोक कुणी सांगू शकत नाही. हे म्हणतात, साथ गावभर होती, पाण्यातूनही आला असेल. त्यावर विसंबून राहायचा मी चार वर्षं प्रयत्न केला, जमलं नाही. तुला सांगावं तर तू दुरावशील, न सांगावं तर तुझ्यासमोर बसवत नाही. या घरात, या गावात मी कोंडल्यासारखी झाले आहे. पण गार पाण्यानं पाय जात नाही, नसीम, हे मी शंकरच्या डोक्यावर हात ठेवून सांगते. आणि तुझ्या हातांना दोष देऊ नकोस. तू माझ्या लेकराची सेवा करत होतीस.

हे आता लिहिते, कारण मागच्या महिन्यात ह्यांनी थेंबांचं औषध आणलं तेव्हा तुम्ही त्यांना दारातूनच परत पाठवलंत. तोंडातलं औषध नको, शंकरची सुईच हवी, असं म्हणालात. थर्मासमधलं बर्फ वितळून औषध वाया गेलं. आता परंड्यातच दोन मुलांचे पाय गेल्याचं ऐकते. सुई सध्या मिळत नाही, आणि मिळाली तरी ती सादिकचे पाय राखेल, त्याच्याबरोबर जेवणाऱ्या पोराचे राखेलच असं नाही. थेंब आतड्यातच प्रतिद्रव्यं उभी करतात, विषाणूला तिथंच अडवतात. सुईच्या नावानं तू अडून बसली आहेस, म्हणून त्या सुईची खरी गोष्ट तुला सांगणं भाग पडलं. गुरुवारी हे मुंबईहून थेंब घेऊन कुर्डुवाडीला उतरतील आणि दुपारच्या एसटीनं परंड्याला येतील. मी भूमहून येईन. सकिनाबींना तू समजाव, हवं तर हे पत्र वाचून दाखव. मला घरात घेऊ नकोस, मी बाहेर उन्हात उभी राहीन. फक्त ह्यांना आत घे, आणि सादिकचं तोंड उघड.

अजूनही म्हणू दिलंस तर तुझीच,
जगदेवी