कचरागाडीतली दुसरी सीट

प्रिय बाबा, लेकीचा नमस्कार.

“गाडीलाच हात फुटले, तर मागच्या पायरीवरच्या माझ्यासारख्याने जायचं कुठे?” असं तुम्ही फोनवर विचारलंत.

आम्ही आखतोय ती कचरागाडी यांत्रिक हाताने स्वतःच डबा उचलून रिकामा करते. आत एकटा ड्रायव्हर असतो, तोच दांडा ओढून हात चालवतो. मागे पायरीच नाही, त्यामुळे तुमच्यासारखं कोणी घसरून पडणार नाही. तुमचा गुडघा आता वाकतो का?

मी मजेत आहे, वेळेवर जेवते. आईला तसं सांगा.

मी केबिनमध्ये दुसरी सीट मागितली, तेव्हा साहेब म्हणाले, “तिथे काय तुझे वडील बसणार?”

“हो,” मी म्हटलं. सगळे हसले.

काल मी ती सीट आखली, यांत्रिक हात चालवायचा दांडा ड्रायव्हरकडून काढून तिच्यासमोर घेतला आणि सही करून आराखडा कारखान्यात पाठवून दिला.

तुमची थोरली