हसरी कवळी

तीर्थरूप मामांना,

भाच्याचा वाकून नमस्कार. (वाकूनच लिहितोय. इथल्या स्टुलावर बसून बसून पाठ सरळ कशी करायची ते विसरलोय.) तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? मामींची दाढ कशी आहे? पूर्वी हे मी रीतीपुरतं विचारायचो, आता धंद्याच्या नजरेने विचारतो. त्यांना सांगा, काढून टाकायची घाई करू नका. दाढा एकेक करत गेल्या की माणूस शेवटी आमच्या तावडीत सापडतो, आणि आमच्याकडचं काम मी आतून पाहिलेलं आहे.

तुम्ही लिहिलंत की तुमच्या धाकट्यालाही कॉलेजचा वीट आला आहे, तर काम करता करता शिकायचा हा जो कार्यक्रम आहे त्यात माणसाने काय अपेक्षा ठेवावी ते सविस्तर कळव. कळवतो. काहीही ठेवू नये. पत्र इथेच संपवता आलं असतं, पण मला या कार्यक्रमात ढकलणारे तुम्हीच, तेव्हा उरलेलं ऐकणंही तुमच्याच वाट्याला येतं. त्यांच्या माहितीपत्रकावर एक मुलगा आहे. अंगात पांढराशुभ्र कोट, हातात चकचकीत यंत्र, आणि चेहऱ्यावर असा आनंद, की याला कोणीतरी आत्ताच मोठ्या साहेबाच्या खुर्चीत बसवलं असावं. हा मुलगा मी आल्या दिवसापासून शोधतोय. कोट मिळतो, हे खरं. माझा कोट माझ्या आधीच्या शिकाऊ उमेदवाराचा आहे. तो माझ्या दीडपट रुंद होता आणि पळून जाताना एवढी एकच वस्तू मागे ठेवून गेला. पहिल्या दिवशी 'कामाची ओळख' असते, ती झाडूने होते. मग प्लास्टर कालवायला शिकवतात. पातळ झालं तर उस्ताद, म्हणजे इथले मुख्य कारागीर, विचारतात, "हे पाजायचंय का कुणाला?" घट्ट झालं तर म्हणतात, "आता भिंत बांध." बरोबर झालं तर काहीच न बोलता निघून जातात, त्यामुळे बरोबर म्हणजे काय हे मला बरेच दिवस कळलंच नाही. अधूनमधून कार्यक्रमाच्या समन्वयक बाई येतात आणि मला गोड आवाजात विचारतात, "मग, काय काय शिकलात?" मी तोंड उघडायच्या आत उस्ताद म्हणतात, "पुष्कळ शिकलाय." बाई म्हणतात, "छान." मग दोघं चहा पितात. चहा मी करतो, आणि तोही शिकण्यातच धरला जातो.

आता तुम्ही म्हणाल, कवळ्या करायचं काम तूच निवडलंस. खरं आहे. बेकरी, लिफ्टची दुरुस्ती आणि कवळ्या असे तीन पर्याय होते, आणि मी तिसऱ्यावर बोट ठेवलं तेव्हा तुम्ही आईला अभिमानाने म्हणालात की पोराला बारीक हातकामाची ओढ आहे. मामा, ओढ होती, पण हातकामाची नव्हती. आमच्या या कवळीखान्याच्या मागच्या खिडकीतून तिच्या घराची गॅलरी दिसते. 'ती' म्हणजे कॉलेजात पहिल्या बाकावर बसायची ती. तिच्यादेखत सरांनी मला विचारलं होतं, "तुम्ही इथे नक्की कशासाठी येता?" आणि मी "आजपासून येत नाही" असं सांगून वर्गाबाहेर पडलो होतो. (उत्तर बाणेदार होतं, हे माझं आजही मत आहे. गैरसोय एवढीच, की अशा उत्तरानंतर परत आत जाता येत नाही.) तर ही गॅलरी बघत बघत उमेदवारी करावी असा माझा बेत होता. उस्तादांनी पहिल्याच सकाळी माझं स्टूल उचललं आणि भिंतीकडे तोंड करून ठेवलं. ते म्हणाले, उजेड पाठीमागून यायला हवा. मी म्हटलं, माझा उजेड पाठीमागेच राहिला.

तिचे वडील तुम्हाला चांगले माहीत आहेत. तुमच्याच खात्यातले, तुमच्या हाताखाली तयार झालेले वजनमाप निरीक्षक. ते दुकानाच्या दारात नुसते उभे राहिले तरी आतला तराजू घाबरून सरळ होतो, असं तुम्हीच सांगायचात. निवृत्त झाले तरी चेहरा अजून नोकरीवरच आहे. मला ते एकदाच भेटले, गॅलरीखालच्या फुटपाथवर. मला वरून खाली, मग खालून वर पाहिलं आणि म्हणाले, "कॉलेज सोडलं म्हणे." एवढंच. पण माझं वजन कमी भरलं, हे मला तिथेच कळलं.

आणि मग एके दिवशी दंतवैद्याकडून आलेल्या ट्रेवर त्यांचं नाव. जुनी कवळी धुताना बेसिनमध्ये पडून तिचे दोन तुकडे झाले होते आणि नवी तातडीने हवी होती. तातडी कसली, ते तिने आदल्याच दिवशी रडक्या आवाजात फोनवर सांगितलं होतं. (कॉलेज सुटलं, आमचे फोन सुटले नव्हते.) रविवारी तिला बघायला एक मुलगा येणार होता. बँकेत आहे, स्वभावाने शांत आहे. (शांत मुलांचा मला पहिल्यापासून संशय येतो.) वडिलांना मुलगा पसंत, त्याच्या घरच्यांना फोटो पसंत, आणि वडिलांची अट एकच, की बोळक्या तोंडाने आपण कुणासमोर बसणार नाही. थोडक्यात मामा, तिच्या लग्नाची गाडी अडली होती ती दातांपाशी, आणि ते दात माझ्या टेबलावर.

साहजिकच मी उशीर करायचं ठरवलं. त्यांच्या हिरड्यांचा प्लास्टरचा साचा हातात घेऊन बसलो. दात नसले की माणूस किती निरागस दिसतो हो. त्या साच्याकडे बघून या गृहस्थांनी कधी एखाद्या किराणावाल्याला घाम फोडला असेल हे कुणाला खरं वाटणार नाही. मी तो या हातातून त्या हातात घेत होतो, फुंकर मारत होतो, उगाच कडा घासत होतो, तेवढ्यात उस्ताद मागे येऊन उभे राहिले. म्हणाले, "इतकं कुरवाळतोयस, सासऱ्याचा आहे का?" साचा पडता पडता वाचला. त्यांना काही ठाऊक नव्हतं, पण पलीकडे पॉलिश करणारे दोघं हसले आणि माझं डोकं फिरलं. उस्ताद पुढे म्हणाले, "जमत नसेल तर तसं सांग, मी लावतो." मी म्हटलं, "संध्याकाळपर्यंत लावून दाखवतो, बघाच." (माझ्या आयुष्यातली बहुतेक नुकसानं 'बघाच' या शब्दाने सुरू झालेली आहेत.)

इथे कामातली एक गोष्ट सांगायला हवी. वरचा आणि खालचा साचा आम्ही एका लोखंडी जबड्यावर बसवतो. त्याला पुढे एक पिन असते, ती दोन्ही जबड्यांमधलं अंतर धरून ठेवते, आणि त्या पिनेचा स्क्रू आधी आवळायचा असतो. पण रागावलेला माणूस स्वतःचे दात आवळतो, स्क्रू राहून जातो. पिन खाली घसरून लांब झाली, वरचा जबडा हवा त्यापेक्षा अंमळ उंच राहिला, आणि त्याच उंचीवर मी मेणात एकेक दात असे ओळीने लावले की उस्ताद काही न बोलता निघून गेले. खरं तर पक्की कवळी करण्याआधी मेणातली कवळी माणसाच्या तोंडात घालून बघतात, त्यात असली चूक सापडते. पण वजनमापवाल्यांनी दंतवैद्याला साफ सांगितलं, "माप एकदा घेतलं म्हणजे घेतलं. दुसऱ्यांदा लागतं ते चोराचं." चाचणीला आलेच नाहीत. म्हणजे बघा, दोष कुणाचा?

रविवारी काय झालं ते मला तिने फोनवर सांगितलं. सांगितलं म्हणजे आधी नुसती हसत सुटली, मग शब्द आले. कवळी उंच बसल्यामुळे वडिलांचे ओठ मिटेनात. वरचे दात अखंड बाहेर, गाल वर ओढलेले, आणि ज्या चेहऱ्यावर तिने जन्मात हसू पाहिलं नव्हतं तो सतत प्रसन्न. शिवाय बोलताना दात एकमेकांवर आपटून टकटक आवाज. पाहुण्यांना आधी फार बरं वाटलं. मग मुलाच्या वडिलांनी आपल्या आईच्या आजारपणाचं सांगायला घेतलं आणि हे हसत ऐकत राहिले. त्यांनी मोठ्या भावाचं दिवाळं निघाल्याचं सांगितलं, हे आणखी हसले. (प्रत्यक्षात ते तोंड मिटायचा प्रयत्न करत होते. त्याने दात जास्तच दिसतात.) शेवटी मुलाची आई उठली आणि म्हणाली, "आमच्या दुःखाची इतकी मजा वाटत असेल तर राहू दे." शांत मुलगाही शांतपणे उठला. ते दाराबाहेर पडल्यावर वडील ओरडले, "यात हसण्यासारखं काय आहे?" आणि घरातले सगळे तोंडाला पदर-रुमाल लावून स्वयंपाकघरात पळाले. मी तिला म्हटलं, माझ्या हातून हे झालं. ती म्हणाली, "तुझं वेळेवर झालेलं हे पहिलंच काम."

सोमवारी ते स्वतः आमच्याकडे आले. दारातून असा हसरा गृहस्थ आत येताना पाहून सगळे हात पुसत उभे राहिले. आमच्याकडे आभार मानायला कधी कुणी येत नाही, म्हणून उस्ताद एकदम खुलले. "आवडली वाटतं कवळी?" म्हणाले, आणि माझ्या पाठीवर थाप मारून मला पुढे ढकललं, "हा आमचा उमेदवार. यानेच लावलेत." मामा, त्यांनी मला ओळखलं. ते मला म्हणाले, "नालायक," टक. "मूर्ख," टक. "माझ्या घराची वाट लावलीस," टकटक. आणि हे सगळं इतक्या प्रेमळ चेहऱ्याने, की पॉलिशवाले दोघं त्यांच्याकडे बघून हसत राहिले आणि उस्ताद म्हणाले, "आपला मोठेपणा आहे." मग एकदाचं उस्तादांच्या लक्षात आलं. लोखंडी जबडा बाहेर निघाला, पिन मोजली गेली. उस्तादांनी मला बोलायचं काही बाकी ठेवलं नाही आणि वर सुनावलं, "नवी कवळी तूच करायची. बिघडवलीस तूच." तोवर त्यांना हीच घालावी लागणार, कारण दुसरी नाही आणि जेवायचं तर आहे.

तर असा हा कार्यक्रम. चूक यंत्राची, घाई गिऱ्हाइकाची, टोमणा उस्तादांचा, आणि बोलणी उमेदवाराला. धाकट्याला म्हणावं, कॉलेजात निदान बाकावर झोपता येतं. मामींना नमस्कार. आई पुढच्या आठवड्यात लिहीन म्हणते.

तुमचा,
भिंतीकडे तोंड करून बसलेला भाचा

ता. क. धाकट्याला अगदीच यायचं असेल तर येऊ द्या. मी उस्तादांना त्याचं नाव सांगून ठेवलंय. दुसऱ्या वर्षाच्या उमेदवाराला हाताखाली एक नवा लागतोच, आणि पुढच्या वर्षाच्या करारावर सही मी परवा केली. कोट त्याला बरोबर होईल.

आणखी एक. सही मी काही हौसेने केली नाही. ती म्हणाली, आधी हातात घेतलेलं एक तरी काम पुरं कर, मग बाबांसमोर उभा राहा. मी म्हटलं, तुझे बाबा मला उभं करतील का? ती म्हणाली, मामांना विचार. तेव्हा मामा, मुद्द्याचं असं, की तुम्ही येत्या रविवारी त्यांच्याकडे जाऊन माझ्यासाठी शब्द टाकावा. ते कुणाचं ऐकत असतील तर तुमचंच. पण जायचं ते याच रविवारी. तोंडाने ते नाही म्हणतील, ते मनावर घेऊ नका, चेहरा हो म्हणत असेल. त्या चेहऱ्याकडे बघत तुम्ही लगेच "ठरलं तर मग" म्हणा आणि मामींना घेऊन उठा. आणि एक सांगतो, ती म्हणते की हल्ली रस्त्यावर लोक त्यांना थांबून नमस्कार करतात, समोरचा किराणावाला तब्येत विचारतो, आणि ते घरी आल्यावर आरशापाशी जरा रेंगाळतात. म्हणजे सवय होत आली आहे.

शेवटचं. नवी कवळी तयार आहे. स्क्रू आधी आवळला, पिन दोनदा मोजली, मेणातली चाचणी त्यांनी या वेळी निमूट करून दिली. ती माझ्या खणात पाण्याच्या डबीत ठेवली आहे आणि उस्तादांना मी 'पॉलिश चाललंय' म्हणून थोपवून धरलंय. सोमवारी देईन. त्यापुढे मात्र थांबवू नका, मामा. दर थोड्या वेळाने झाकण उघडून बघतो मी. इतकी नीट बसलेली कवळी अजून कुणाच्या तोंडात गेली नाही, हे मला सहन होत नाही.