पितळी पट्ट्या

८ मार्च, रविवार

दादा,

पत्राची सुरुवात नमस्काराने करायची असते, तर केला. वहिनीला आठवण सांग. पोरीची परीक्षा नीट पार पडली असेल. इकडे सगळं ठीक आहे असं मी तुला फोनवर सांगितलं, ते खोटं होतं. पण ते पुढे लिहिते. आधी पेटीबद्दल बोलायचंय, कारण माझं डोकं फिरलंय आणि ते ताळ्यावर यायची वाट बघत बसले तर हे पत्र कधीच लिहून व्हायचं नाही.

तुला कुणी सांगितलं होतं रे तिला हात लावायला?

'अगं, जुना सिंथेसायझर तर आहे, जरा नीट करून दिला,' असं म्हणशील. म्हणशील काय, म्हणालासच. वहिनीलाही फोनवर सांगत होतास, मी ऐकलं. आपण लहान असताना बाबांनी दुकानातल्या उरल्यासुरल्या रेडिओंच्या सामानातून, पत्र्याच्या डब्यात जुळवलेलं खेळणं. तेव्हा होतं खेळणं. झटका आला, बाबांची वाचा गेली, तेव्हापासून ते खेळणं राहिलेलं नाही.

तू दोन दिवस राहिलास आणि त्यातला निम्मा वेळ गॅलरीत फोनवर होतास, म्हणून सांगते. पुढच्या दोन पितळी पट्ट्यांवर बोटं टेकली की पेटी वाजायची. जोर लावायचा नाही, नुसती कातडी लागली तरी पुरे. मग एका नॉबने सूर वरखाली, दुसऱ्याने आवाजाची धार कमीजास्त, तिसऱ्याने तो किती रेंगाळायचा ते. धार पार उतरवून भरदार 'घूं' काढला की त्याचा अर्थ 'इकडे ये'. धार चढवून चिरका काढला की पाणी. धारेचा नॉब मागेपुढे हलवत राहिले की कुरकुर, आणि ती रोजचीच. खालच्या मजल्यावरचा वकील आला की जो आवाज काढायचे त्याचा अर्थ मी इथे लिहू शकत नाही. तो वकील मान डोलवून म्हणायचा, 'वा, काय गोड वाजवता!' आणि बाबांचे खांदे गदागदा हलायचे. झटक्यानंतर त्यांना हसताना मी पहिल्यांदा पाहिलं ते असं.

आणि घरघर. पेटी चालू असली की आतून बारीक घुमत राहायची. शिवणाचं मशीन थांबवलं की मला ती शेजारच्या खोलीतून ऐकू यायची. बाबांचा हात पट्ट्यांवर आला की ती जाड व्हायची. मी उठून न बघता ओळखायचे, बसलेत, ठीक आहेत.

तू स्टुडिओत काम करतोस. तुझ्या कानाला घरघर सोसत नाही, कबूल. पण ती तुझ्यासाठी नव्हतीच ना! तू ती घालवलीस. तापल्यावर सूर घसरतो म्हणून आतले भाग बदललेस. आणि पट्ट्या काढून काळी चकचकीत बटणं बसवलीस, दाबली तरच वाजणारी, तीही चांगली जोर लावून. 'आता कशी प्रोफेशनल दिसते बघा!' असं म्हणालास. बाबांनी अंगठा वर केला. तू खूश होऊन निघून गेलास, पट्ट्यासुद्धा आठवण म्हणून खिशात घातल्यास.

मी तेव्हाच बोलायला हवं होतं असं म्हणू नकोस. तो वर केलेला अंगठा बघून कोण बोलणार?

आता ते खोटं काय, ते लिहिते.

मंगळवारी दुपारी बाबा खिडकीजवळच्या खुर्चीवरून पडले. मी शाळेचे गणवेश शिवत होते. मशीन थांबवलं तेव्हा पलीकडे शांतता होती, पण तू गेल्यापासून शांतताच असते, मला त्यात वेगळं काही वाटलं नाही. सगळ्या कॉलर पुऱ्या करून मी चहा विचारायला गेले. उजवा हात अंगाखाली अडकलेला, पेटी समोर पडलेली, आणि डाव्या हाताची बोटं तुझ्या त्या बटणावर. झटक्यातला हात तो. त्यात कुठला आलाय जोर? पट्ट्या असत्या तर अख्खी इमारत गोळा झाली असती.

ते किती वेळ तसे पडून होते ते मला विचारू नकोस. त्यांनाही सांगता येत नाही.

उजवं मनगट मोडलंय, कोपरापर्यंत प्लास्टर आहे. म्हणजे बटण दाबायला आता तोही हात नाही. पाणी हवंय की दुखतंय, मी त्यांच्या डोळ्यांकडे बघून अंदाज बांधते आणि निम्म्या वेळा चुकते. चुकले की ते भिंतीकडे तोंड फिरवतात.

बाजारातला मेकॅनिक बोलावला होता. म्हणाला, 'पट्ट्या कापून देतो, संध्याकाळपर्यंत पूर्वीसारखी वाजेल.' तर बाबांनी डाव्या कोपराने पेटी छातीशी आवळून धरली. मी ओढली, सोडेनात. त्या भल्या माणसासमोर मी माझ्या बापाशी झोंबाझोंबी केली, दादा. मग त्यांनी डावा हात कसाबसा कानावर नेला. ती तुझी खूण आहे, हेडफोनवाला. तुझ्याशिवाय दुसऱ्या कुणाला ते पेटी उघडू देणार नाहीत. दुसऱ्याने उघडली तर तू ती बिघडवलीस असं होईल ना!

मुके राहतील, पण तुला नाव ठेवू देणार नाहीत. भरवते मी, अंग पुसते मी, रात्री कूस बदलते मी, आणि कानावर हात मात्र तुझ्यासाठी. खरं सांगू? पडले त्यापेक्षा मला याचाच राग जास्त आलाय. झालं एकदाचं लिहून.

तेव्हा तू ये. पट्ट्या पोस्टाने पाठवू नकोस, स्वतः घेऊन ये. त्यांच्यासमोर बसून पेटी उघड. रडू नकोस, माफी मागू नकोस, त्यांना ते झेपायचं नाही. म्हण, 'बाबा, अजून थोडी सुधारणा करतो.' आणि एकही सुधारणा न करता होती तशी करून ठेव. घरघरीसकट.

झाली की ते पहिली हाक तुलाच मारतील, हे मला माहीत आहे. तेवढं मी सोसेन.

तोवर बाबांच्या वतीने बोलणारी,
धाकटी