लोहारा आलं की उठायचं

माय, आज तुझ्यावर चिडूनच लिहायला बसले आहे. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुझी ती खोड काही माझा पिच्छा सोडत नाही. यवतमाळचा स्टँड यायच्या कितीतरी आधी, नुसतं लोहारा दिसलं की तू सीट सोडून उठायचीस. एका हातात डबा, दुसऱ्या हातात दांडा, पदर खोचलेला, आणि जाऊन उभी दाराशी. मी डी.एड.च्या वसतिगृहात होते तेव्हा दर रविवारी बोरी अरबहून तू अशीच यायचीस. गाडी स्टँडात वळली की सगळ्यात आधी दारात लोंबकळणारी तूच दिसायचीस, आणि माझ्यासोबतच्या पोरी हसायच्या. एकदा तू पडता पडता वाचलीस. कंडक्टर खाली उतरून माझ्यावरच डाफरला, “सांगा तुमच्या मायले, गाडी थांबेलोक बसून राहाले काय होते?” मी तुझ्यावर भडकले. तू डबा माझ्या हातात देत म्हणालीस, “माही पोरगी इथं उभी असन, तं मी थ्या सीटवर कशी बसून राहू?” हे काय उत्तर झालं, असं मला तेव्हा वाटलं. पुढच्या रविवारी तू पुन्हा दारातच होतीस.

आता आमचं घरच लोहाऱ्याला आहे. तुझे जावई इथल्या एमआयडीसीतल्या कारखान्यातून रिटायर झाले. त्यांचा स्वभाव तुला माहीतच आहे, गाडी पूर्ण रिकामी झाल्याशिवाय हा माणूस सीटवरून उठत नाही. “स्टँड काय पळून जाते काय?” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. उभ्या जन्मात मी एकदाही यांच्यासोबत गाडीतून वेळेवर उतरलेली नाही. आणि नात तुझी अशी निघाली की तिनं आम्हाला न विचारता कोचीच्या एका मुलाशी कोर्टात लग्न केलं आणि तिथंच दवाखान्यात नोकरीला लागली. मुलगा चांगला आहे गं. पण हे रुसून बसले ते बसलेच. दोन वर्षं पोरीशी अक्षर बोलले नाहीत. फोन वाजला की उठून अंगणात जायचे आणि झाडांना पाणी घालायचे. भर पावसाळ्यातसुद्धा.

म्हणून मी मुंबईहून सुटणाऱ्या मोठ्या जहाजाची तिकिटं काढली. समुद्र पाहू म्हटलं. ते जहाज एक दिवस कोचीला थांबतं हे यांनी तिकिटावर वाचलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, “मी नाही उतरत तिथं. तुले जायचं तं जाय.” बरं, म्हटलं. आधी गावापर्यंत तर नेऊ. हे उतरणार नाहीत, असं पोरीला काहीच सांगितलं नाही. ती म्हणाली, “आई, माझी दहाला ड्युटी आहे. सुट्टी मागितली, मिळाली नाही. त्याच्या आधी जेवढा वेळ मिळेल तेवढा. मी बंदराच्या गेटवर येऊन थांबते.”

आता जहाजाचा कारभार ऐक. एवढं अवाढव्य जहाज किनाऱ्याला लागलं तरी उतरायचं मात्र जहाजवाल्यांच्या मर्जीनं. ज्यांनी जहाजाकडूनच गाव पाहायची सहल घेतली त्यांच्या छातीवर रंगीत स्टिकर, त्यांना आधी सोडणार, त्यांच्या बसेस खाली तयार. आणि आपलं आपण फिरणाऱ्यांनी नंबराचं कार्ड घ्यायचं आणि आतल्या नाटकघरात जाऊन मुकाट्यानं बसायचं. मी अंधारातच उठून आंघोळ केली, जवसाच्या चटणीचा डबा पिशवीत टाकला आणि जाऊन उभी राहिले त्या दाराशी. तिथल्या पोरानं अदबीनं परत पाठवलं. मी पुन्हा गेले. त्यानं पुन्हा पाठवलं. खिडकीतून कोची हात लावावा इतकी जवळ दिसत होती, आणि मी मखमली खुर्चीत हातात कार्ड घेऊन बसलेली. एकेक रंग पुकारला जात होता. निळे गेले, हिरवे गेले. माणसं रमतगमत, फोटो काढत उतरत होती. त्यांना कुठं कोणाला भेटायचं होतं? पोरीचा मेसेज आला, गेटवर आहे म्हणून. मला त्या खुर्चीचा असा संताप आला की सांगता सोय नाही. आणि त्या क्षणी तुझं ते दारातलं ध्यान आठवलं, तर तुझाही आला. तुला मरून इतकी वर्षं झाली, आणि हे असं आत्ता कळतं का माणसाला?

त्यात हे गायब. नाश्त्याला म्हणून गेलेले परत येईनात. म्हटलं बसले असतील चौथा डोसा घेऊन. जाताना निदान सांगून तरी जावं म्हणून मी जेवणघरात गेले, तिथं नाहीत. खोलीत नाहीत. खोलीत खुंटीवरचा तो ठेवणीतला शर्टही नव्हता. शोधता शोधता शेवटी दाराशी आले, तर हे तिथं. इस्त्रीचा शर्ट, हातात कशाची तरी पिशवी, आणि तो मघाचा पोरगा यांना हात जोडून मागं जायला सांगतोय. “अहो, इथं काय करताय?” मी विचारलं. माझ्याकडे न बघता म्हणाले, “आतमंदी लय थंडी वाजून राह्यली. म्हणून उभा राह्यलो इथं.” पिशवीत बघितलं तर तिळाचे लाडू. यवतमाळहून घेतलेले, माझ्या नकळत. तिला लहानपणापासून आवडतात ते.

पोरगा मला म्हणाला, “मॅडम, सर को बोलिए अंदर बैठें। आपके नंबर को अभी बहुत टाइम है।” माझ्या तोंडून एकदम निघून गेलं, “इनसे बैठा नहीं जाता, बेटा। कमर की बहुत तकलीफ है।” त्यानं यांच्याकडे पाहिलं. चांगले ताठ उभे होते. “सच में, मॅडम?” त्यानं विचारलं. मी म्हटलं, “माँ कसम।”

तो हसला की त्याला पटलं, देव जाणे. चाकाच्या खुर्चीवाल्या म्हाताऱ्यांच्या घोळक्यात त्यानं आम्हाला सोडलं. आणि हे, ज्यांना आयुष्यात कधी नाटक जमलं नाही, कमरेवर हात ठेवून वाकत वाकत त्या उतारावरून खाली गेले. मी हसू दाबत मागून. गेटाच्या जाळीपलीकडे ती उभी होती. दिसली तसे हे सरळ झाले आणि असे चालायला लागले की मला पळावं लागलं. तिच्यासमोर जाऊन पिशवी पुढं केली. दोन वर्षांनंतरचं पहिलं वाक्य काय, तर “ड्युटीले उशीर नाही न होणार तुले?” ती मानेनं नाही म्हणाली आणि तिथंच रडायला लागली. तिच्या ड्युटीची वेळ होईपर्यंत आम्ही तिघं एका टपरीवर बसलो होतो. कोची काही पाहिली नाही.

घरी येऊन आठवडा झाला. हे पत्र कुठं पाठवायचं नाही, डाळीच्या डब्याखाली पडून राहील. पण एक सांगायचं राहिलं. काल दूध तापवून साय काढत होते आणि मला बोरीचं आपलं स्वयंपाकघर आठवलं. साय मांजरीनं खाल्ली म्हणून मी तुझी शपथ घेतली होती, आणि तू फुंकणी घेऊन मागं लागली होतीस, “खोटी शपथ घेशीन तं मी मरन. मंग खात बसजो साय.” त्यानंतर कधी घेतली नाही मी, माय. त्या दिवशी जहाजावर घेतली. काल हातात सायीचं भांडं घेऊन मी तशीच उभी राहिले. तू कधीचीच गेलीस हे माहीत असूनही, आता तुला काही होईल, म्हणून घाबरले.