ड्यूकचा धर्म आणि आपला गुरुवार

बाबा,

इथल्या नोव्हाय गावातल्या ज्या लुथरन चर्चचा हॉल आम्ही रविवारच्या मराठी शाळेसाठी भाड्याने घेतो, तिथे जिन्यापाशी एका जर्मन ड्यूकचं चित्र आहे. दाढी नीट कातरलेली, हातात बायबल, आणि नजर अशी, की कोण चुकलंय ते याला आधीच कळलंय. मला तो पहिल्यापासून पटला नाही. शेवटी तिथल्या म्हाताऱ्या पाद्र्यांना विचारलंच. ते रंगून सांगू लागले. हा विशीत गादीवर आला, त्याने नवा पंथ घेतला आणि बघता बघता सगळी प्रजा लुथरन. मठ बंद करून त्याने शाळा काढल्या, लोकांना धर्माचे धडे येतात का ते बघायला गावोगाव तपासनीस पाठवले. म्हातारा होईपर्यंत राज्य केलं. माणूस वाईट नव्हता म्हणे. मी विचारलं, लोकांनी मनापासून मानलं का? पाद्री हसले. "धडे सगळ्यांना पाठ होते. जुन्या संतांच्या मूर्ती मात्र पेंढ्याखाली सापडायच्या."

तेव्हा तुम्ही आठवलात. तुमच्या संस्थेचे अध्यक्ष कुठल्याशा महाराजांच्या भजनी लागले आणि महिन्याभरात अख्खी शाळा गुरुवार धरू लागली. तुम्ही हेडमास्तर, म्हणजे सगळ्यात पुढे. एका गुरुवारी मी लवकर घरी येतो, तर स्वयंपाकघराचं दार आतून लावलेलं. फटीतून दिसतं, तुम्ही उभ्या उभ्या पिठलं-भाकरी खाताय आणि आई खिडकीतून रस्त्यावर लक्ष ठेवून आहे. दार उघडून तुम्ही एवढंच म्हणालात, "तू काही पाहिलं नाहीस." त्या दिवशी मी तुम्हाला ढोंगी ठरवून मोकळा झालो. तुम्ही गेलात तरी तो निकाल बदलला नाही.

आता माझी स्वतःची कंपनी आहे. बावीस माणसं, बहुतेक आपलीच, व्हिसावरची. दर मंगळवारी सकाळी मी ऑफिसात गणपतीची आरती सुरू केली. सगळे यायचे, मला बरं वाटायचं. पण माझे कान तुम्हाला ठाऊक आहेत. कॉफी मशीनच्या पलीकडे आमचा नागपूरचा इंजिनिअर त्याच्या फ्लिप फोनवरून बायकोला सांगत होता, "देवाला कुठे यार, ग्रीन कार्डला हात जोडतोय." मी हसलो, खरंच हसलो. मग सगळ्यांना सांगून टाकलं, आरतीची सक्ती नाही, मनात असेल त्याने यावं. पुढच्या मंगळवारी एकवीस जण आले. कोण नाही हे कळायला मला मान वळवावी लागली नाही.

दोन दिवसांनी तो केबिनच्या दारात आला. "सर, माझ्या ग्रीन कार्डच्या कागदांवर सही झाली का?" अरे, वेळच मिळाला नाही, असं मी अगदी प्रेमाने सांगितलं. त्यानंतरच्या मंगळवारी तो पहिल्या रांगेत उभा होता, सगळ्यांपेक्षा मोठ्याने आरती म्हणत. तेव्हापासून मला बाकीच्यांच्या टाळ्यांचाही संशय येतो.

आई त्या खिडकीतून कोणावर लक्ष ठेवून होती, ते आता कळतंय. हे पत्र कुठे टाकणार? त्याचेच कागद खाली घेऊन लिहितोय. सही अजून केलेली नाही. वेळ तेव्हाही होता, बाबा.