ठमाबाईंचं उरलेलं लक्षण

१३ जानेवारी १९५९, मंगळवार

सात नंबरच्या खाटेवरच्या ठमाबाई बिघडल्या! परवा मोतीबिंदू काढला तेव्हा हूं की चूं केलं नाही. काल दिवसभर शहाण्यासारख्या पडून होत्या. आणि आज सकाळपासून पांघरुणातून काहीतरी वेचताहेत — विचारलं तर म्हणे भाताच्या लोंब्या! भिंतीकडे तोंड करून गुरं हाकलताहेत. दोन्ही डोळ्यांवर पट्टी, पण दिसतंय आम्हां सगळ्यांपेक्षा जास्त. मधेच चेहरा फुलतो. "आवडी आली गो! हसते बग तिथं!"

आवडी कोण, ते सुनेकडून कळलं. ही तुळसा, सासूच्या सोबतीला राहिली आहे. "आत्यांची धाकली भईण. पर ती कवाच मेली, बाई. मुंबयवाल्यांनी निरोप आणलेला."

मुलगा भागोजी तिथंच उभा होता. "म्हातारी खुळी झाली. कायतरी लागलंय तिला. उद्या डोलीत घालतो नि भगताकडं नेतो."

पोलादपूरच्याही वरची वाडी, तीन तासांची चढण, डोलीचे हिसके. डोळा गेलाच म्हणायचा! मोठे सर्जन शिबिर उरकून मुंबईला परतले. महाडच्या या धर्मशाळेत मागे राहिलो डॉ. कारखानीस आणि मी, एकटी नर्स. कारखानिसांना अजून धड मिशी नाही, पण आज असे ठणकावून बोलले! "खुळेपण एका दिवसात येत नाही. एका दिवसात येतो तो भ्रम, आणि भ्रमाला कारण असतं. मला रविवारपर्यंत मुदत द्या, मी शोधून काढतो." भागोजीनं बराच वेळ टोपी चुरगाळली आणि कबूल झाला. "पर ऐतवारी खुळीच निगाली तर मी कुणाचं ऐकायचा नाय."

मला डॉक्टरांचा फार अभिमान वाटला. त्यांना कशाला सांगू!

१४ जानेवारी, बुधवार — संक्रांत

एकतीस बायकांना तीळगूळ वाटला. नऊ नंबरच्या चंद्राबाई दासगावच्या, कानांनी ठार बहिऱ्या. कानाशी जाऊन ओरडले, "गोड बोला!" तर म्हणतात, "मी बोलीन गो, पर तू बोललीस तं मला कुठं ऐकू येतंय?" आणि स्वतःच्याच विनोदावर अशा हसल्या की सगळा वॉर्ड हसायला लागला. इकडे ठमाबाईंची हाकाहाकी वाढली — आवडी, आवडी! पुन्हा गप्प करता करता माझ्या नाकी नऊ आले.

डॉक्टरांचा शोध जोरात आहे. ताप? नाही. छाती? साफ. नाडी जलद. पोट साफ होतंय का? बरं होतंय. मग पट्टीआड डोळ्यांत घालतो ते थेंब — त्यांनीही म्हणे म्हाताऱ्या माणसांना भ्रम होतो. ते बंद केले, फरक नाही. एकेक कारण कागदावर लिहायचं आणि खोडायचं. शेवटी म्हणाले, "सिस्टर, लघवी तपासू. साखर असेल."

स्पिरिटचा दिवा पेटवला, नळीत निळं औषध भरलं. आणि मी भांडं घेऊन खाटेशी बसले. दोन तास! एक थेंब नाही.

१५ जानेवारी, गुरुवार

सापडलं! सापडलं!! आणि मला सापडलं!

सकाळीही भांडं कोरडं. डॉक्टर घाबरले — लघवी तुंबली असेल, तुंबली की भ्रम होतोच. नळी घालायची तयारी केली. पण ओटीपोट दाबून पाहतात तर रिकामं. जीभ पाहिली, वाळलेली. मी म्हटलं, "आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?"

तुळसाला पडवीत नेलं. सासू पाणी किती पिते? ती पदर तोंडाशी धरून म्हणाली, "आत्या पितच नाय."

"अगं, मी रोज चार चार तांबे भरून देते, ते जातात कुठं?"

"मी पिते."

हसू की रडू! गोष्ट अशी. या बायका पहाटे अंधारात रानात जाऊन येतात, मग दिवसभर नाव नाही. इथं पडूनच राहायचं, भांडं सुनेनं धरायचं, आणि लेक उशाशी बसलेला! ठमाबाईंनी पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं — पाणीच प्यायचं नाही. मी तांबे मोजते हे त्यांनी हेरलं होतं, म्हणून ते सुनेला प्यायला लावले. "त्यांचा शबूद कसा मोडू, बाई?" बिचारी चार दिवस दोघींचं पाणी पितेय आणि सारखी बाहेर पळतेय!

डॉक्टरांनी ऐकलं आणि कपाळावर हात मारून घेतला. मग एवढे हसले की खुर्चीत बसावं लागलं. "माझ्या पुस्तकात हे कारण नाही, सिस्टर."

भागोजीला पडवीत घालवलं. खाटेभोवती जुनी लुगडी बांधून आडोसा केला. भांडं धरायला मी, सून नको. पेजेचं पाणी, मीठ-साखरेचं पाणी, चमचा चमचा. आणि तुळसानं सारखं सांगत राहायचं — आत्या, तुमी म्हाडात हाव, डोळं बरं व्हतायत.

१६ जानेवारी

तीनदा भांडं भरलं! कुणाच्या लघवीचा एवढा आनंद मला जन्मात झाला नव्हता.

१७ जानेवारी, शनिवार

ठमाबाई ठिकाणावर आल्या! लोंब्या गेल्या, गुरं गेली. डॉक्टर परीक्षा घ्यायला बसले. "आज वार कोणता?" — "शनवार. तुला ठावं नाय? मंग डाक्टर कसा झालास?"

"शंभरातून सात गेले, किती?"

"पाच विसांतनं सात. चार विसा न् तेरा." डॉक्टर बोटांवर मोजायला लागले. "त्यातून सात?" — "चार विसा न् सा." — "अजून सात?" — "तीन विसा न् एकोणीस. किती घालवतोस रं, कायतरी ऱ्हाऊ दे!"

डॉक्टरांनाच घाम फुटला. भागोजी दाराआड उभा राहून डोळे पुसत होता.

आणि मग त्या हळूच म्हणाल्या, "आवडीला बोलवा की. मगाशी हसली. मी तिचं हसणं वळखते."

मी रजिस्टर काढून एकतीसही नावं वाचली. आवडी नाही. तुळसानं पुन्हा सांगितलं, ती मेली. ठमाबाई ऐकेनात. "मेली आसंल तर हसते कशी?"

बाहेर येऊन डॉक्टर म्हणाले, "सगळी लक्षणं गेली, एक उरलं. कदाचित मुळातच थोडं..." वाक्य पुरं केलं नाही. भागोजीनं ऐकलं. उद्या रविवार. तो डोलीची माणसं सांगायला गेला.

मला भयंकर वाईट वाटतंय. एवढा हिशेब करणारी बाई खुळी? मी नाही मानणार!

१८ जानेवारी, रविवार

सकाळी वेणी घालताना म्हणाल्या, "ठमा हे लग्नातलं नाव गो. तुडीलला माहेरी मी आनंदी." म्हणजे आवडीचंही रजिस्टरात सासरचंच नाव असणार! फणी त्यांच्या केसांत तशीच ठेवून मी त्या हसऱ्या नऊ नंबरकडे धावले. चंद्राबाईंच्या कानाशी ओरडले, "माहेर कुठलं तुमचं?"

"तुडील."

"आणि तिथलं नाव?"

"आवडी," त्या म्हणाल्या. "का गो?"