ज्याचा तीर, त्यानं मागं उभं राहावं

१२ जानेवारी १९५८

तीराचा बांबू परत वाकडा झाला. काल निखाऱ्यावर शेकून, दाबून सिधा केलता, सकाळी पाह्यतो तर आपल्या गुनावर गेलेला. शेक, दाब, एक डोळा मिटून पाह्य, परत शेक. बोटाची सालं निघाली. मंग कापूस वेचाले गेली, आल्यावर भाकरी.

हे ओसरीवर बसले होते. हातात एक जुना तीर, काचेच्या तुकड्यानं घासून राह्यले. जानारा-येनारा म्हने, "डोंगरसिंग, काम जोरात हाय." हे म्हने, "हो, चालू हाय."

चालू हाय म्हने! यायच्या दोन्ही डोळ्यांवर पांढरं आलं त्याले दोन सालं झाली. सावली दिसते, मानूस दिसत नाई. यवतमाळच्या दवाखान्यात डोळा कापून साफ करतात असं ऐकलं, तर म्हने कापाले मी का काकडी हाय? तवापासून तीर मीच करून राह्यली, आत चुलीपाशी, दार लोटून. तांड्याले वाटते धूर स्वयंपाकाचा हाय.

कामठा-तीर, म्हंजे धनुष्यबान, हे काही आमचं बंजाऱ्यायचं काम नोय. सासऱ्यानं मुकुटबनकडच्या एका कोलाम आदिवाशापासून शिकून आनलं. त्याच्यासंगं त्याचे नियमपन आले. बाईनं तीराले हात लावला तर तीर वाकडा जाते, हा त्यातला पह्यला. दोन सालं झाली हात लावून राह्यली, एकई वाकडा गेला नाई. पन कोनाले सांगता? भितीले?

१५ जानेवारी

बिबट्यानं तांड्याच्या नायकाची कालवड नेली. दिवसाढवळ्या, गुराख्याच्या डोळ्यादेखत.

हा बिबट काही नवा नाई. टेकडीवर तो आमच्या आधीपासून राहाते. सालात एखादं कुत्रं न्याचा. आमी म्हनत होतो, जाऊ द्या, त्यालेई पोट हाय. कोनी त्याच्या वाटेले गेलं नाई, तोई आमच्या वाटेले आला नाई. औंदा काय झालं त्याले काय मालूम. आधी माह्या जावेची, मैनाबाईची शेळी, अंगनातून. आता कालवड. म्हातारा झाला असन. म्हातारपनी मानसाचंई असंच होते, जे जवळ दिसन त्याच्यावर डाफरते.

१९ जानेवारी

नायकानं सगळ्यायले बोलावलं. धरमसिंग नायक कमी बोलते, पन बोलला का बोलला. म्हने, आता थांबता येत नाई, उद्या लेकरू नेईन. बंदूक तांड्यात कोनाजवळ नाई. तीर देवसिंग मारीन. देवसिंग म्हंजे माहा दीर. नेम चांगला हाय त्याचा, फक्त घाई लय.

आन मंग नायक यायच्याकडं वळून म्हने, "डोंगरसिंग, तू हाय ना?"

हे म्हने, "हाय."

दुसरा नियम हाच. ज्याचा तीर, त्यानं मारनाऱ्याच्या मागं उभं राहाचं. दूर नाई, त्याच्या पाठीले हात लागन इतकं जवळ. तीर वाकडा गेला तर जनावर दोघायवर येईन. सासरे सांगत, असं केलं म्हंजे तीर करनारा मन लावून तीर करते.

डुकराच्या शिकारीत हे उभे राहात, ते खपून गेलं. बिबट म्हंजे डुक्कर नाई. आन ज्याले आपलीच खाट सापडत नाई तो पळन कुठी?

२० जानेवारी

भांडलो. आवाज दाबून भांडा लागते हा आनखी एक तरास.

म्या म्हनलं, नायकाले सांगा डोळे गेले म्हनून. हे म्हने, डोळे गेले सांगतलं तर तीर कोन करते तेई सांगा लागन. मंग सांगा ना, म्हनलं, मीच जाऊन सांगतो, अन् मीच उभी राहातो मागं. तर म्हने, "मी मेलो तरी चालन. बायकोच्या हातचे तीर लोकायले दिले, हे ऐकाले मी जिता राहानार नाई."

आन माहा हात ओढून आपल्या डोक्यावर ठेवला. आमच्या देवाची, सेवाभायाची आन घे म्हने, तोंड उघडनार नाई म्हनून.

घेतली. काय करू? लय थकली होती. भाकर करपून राह्यली होती.

२२ जानेवारी

झोप नाई. तीर सिधे होऊन राह्यले, मीच वाकडी झाली.

२४ जानेवारी

मैनाबाई आली. ते देवसिंगाची बायको. ओसरीवर यायच्यापुढं बसली आन रडाले लागली. "भाऊजी, तीर चांगला करजो. माह्या चुड्याचा सवाल हाय." हे म्हने, "घाबरू नको. माहा तीर आजवर चुकला नाई."

मी आत होती. तीराचा फाळ बसवाले लाख गरम करत होती, ते हातावर सांडली. ओरडताई येईना. मैनाबाई गेल्यावर पाह्यलं तर मोठा फोड.

दोन चुडे हायेत, तिचा आन माहा. दोनई माह्याच हातात, आन माह्या हाताले फोड. या बाईले वाटते ते यायच्या हातात हायेत.

आधीचे दोन तीर मोडून चुलीत टाकले. बांबू उजेडाच्या पाखात, चांद वाढत्या पंधरवड्यात तोडलेला होता, आतून भुंगा लागन अशी शंका आली. सासरे अंधाऱ्या पाखाशिवाय तोडत नसत. नवे करतो. भरीव बांबू, पेराच्या वर खाच, गिधाडाची तीन पिसं, एकाच पंखाची. बोटावर तोलून पाह्यतो. पाह्यतच राह्यतो.

२७ जानेवारी

आज हाका झाला, डबे वाजवून बिबट्याले बाहेर काढाले. मी शेतात होती, हात कापसावर आन कान टेकडीवर. दुपारी डबे वाजले, मंग आरडाओरडा, मंग काहीच नाई. ते काहीच नाई लय वाईट होतं.

सगळे जिते आले. देवसिंगाचा तीर लागला, पन मागच्या मांडीवर. बिबट पुरता बाहेर आला नोता, यानं आधीच सोडला. तीर सिधा गेला, घाई देवसिंगाची. तीर मांडीत घेऊनच तो नाल्यातल्या घानेरीच्या झुडपात घुसला.

हे मुळाले अडकून पडलते. दोन्ही गुडघे फुटलेले. मी हळद-तेल लावत होती आन लोकं येऊन पाठ थोपटून राह्यले, "डोंगरसिंग, तीर काय गेला!" हे सांगून राह्यले, कसा बिबट आला, कसे त्याचे डोळे चमकले. डोळे म्हने! मले हसू आलं, मंग लय राग आला. तेल जरा जोरातच चोळलं.

२८ जानेवारी

जखमी जनावर नाल्यात बसलं हाय. नाल्यातच पानी हाय. आज एकई बाई घागर घेऊन गेली नाई. गुरं बांधलेली, हंबरून राह्यली. नायक म्हने, आता आत शिराचं. समोरासमोर. परवा.

समोरासमोर म्हंजे देवसिंगाले एकच तीर भेटन.

मी आन मोडली तर यायच्या जिवाले काही होईन. नाई मोडली तर नाल्यात बिबट हाय. सेवाभाया, मले सांग, यातलं कोनतं पाप लहान? मी चौथी शिकली, पन हे गनित शिकवलं नोतं कोनी.

यायले परत म्हनलं, पाया पडून. हे म्हने, "तुले आन दिली ना?" आन कूस बदलून झोपले.

मी उद्या कुठीच जात नाई. दिवसभर एकच तीर करतो.

३० जानेवारी

सगळं आजच लिवून टाकतो, नाईतर उद्या वाटन का असं झालंच नाई.

सकाळी हे पागोटं बांधून निघाले. देवसिंगाच्या खांद्यावर हात. आमी बाया बांधापर्यंत गेलो, तिथून पुढं जाऊ देत नाई. नाला तिथून दिसते. मानसं घानेरीजवळ पोचली आन आतून आवाज आला. करवतीनं लाकूड कापावं तसा, घर्र घर्र. बांधापर्यंत ऐकू आला.

यायनं देवसिंगाच्या खांद्यावरचा हात काढला. म्या पाह्यलं. मंग यायचा आवाज आला, मोठ्यानं, फाटलेला. "नायक, हे तीर माहे नाई. जमनीचे हायेत. दोन सालं झाली, तेच करते. माहे डोळे गेले."

लग्न होऊन इतकी सालं झाली, माह्यं नाव यायच्या तोंडून पह्यल्यांदा ऐकलं. कुठी ऐकलं, पाहा.

मानसायत गलका झाला. कोनी म्हने तीर फेकून द्या, कोनी म्हने म्हनूनच मांडीले लागला. नायकानं सगळ्यायले बोलू दिलं. मंग इचारलं, "दोन सालं कोनाचा तीर वाकडा गेला? हात वर करा." कोनाचाच हात वर नाई. नायक म्हने, "मंग जिचा तीर ते उभी राहीन. नाईतर घरी चला, आन उद्या पानी आनाले कोन जाते तेवढं सांगा."

आन बांधाकडं वळून हाक मारली, "ये पोरी."

गेली. ओढनी कमरेले खोचली आन गेली. वाटेत हे समोरून येत होते, हात पुढं करून, बांध चाचपत. माह्या अगदी बाजूनं गेले. म्या हात दिला नाई. मैनाबाईनं धरून वर घेतलं.

देवसिंगाच्या मागं उभी राह्यली. त्याच्या मानेवरून घाम वाहून राह्यला होता. म्हने, "भाभी, तीर खरंच तुहे?" म्या म्हनलं, "हो. आता घाई केली ना देवसिंग, तर तुले बिबट्याआधी मी मारीन." तो हसला. त्याचा खांदा जरा खाली आला.

लोकायनं गोटे टाकले. घानेरी हालली. बिबट सिधा आमच्याकडं आला, तीन पायावर, कान चपटे करून. देवसिंग थांबला. इतका थांबला का मले वाटलं विसरला. मंग कामठ्याची तात वाजली.

छातीत गेला. पिसापर्यंत. बिबट दोन हात पुढं येऊन पडला, पाय झाडले, झालं.

जवळ जाऊन पाह्यलं. पुढच्या पंजात साळिंदराचे काटे, जुने, आत पू झालेला. हरनामागं धावता येत नसन म्हनून शेळ्या. मले लय वाईट वाटलं त्याचं. डोळे उघडे होते. हात लावला तर अंग गरम, तापल्यासारखं.

घरी आली. हे खाटेवर होते. म्हने, "तीर सिधा गेला?"

तेवढंच इचारलं.

३१ जानेवारी

म्या तर हेच मांगत होती. पाया पडून मांगत होती, सांगा म्हनून. सांगतलं. मंग राग काहून येऊन राह्यला?

कारन म्या मांगतलं तवा इज्जत मोठी होती. माही झोप, माहा हात, माहा चुडा, सगळं तिच्यापेक्षा लहान. आन बिबट्याचा तो आवाज आला तवा इज्जत गेली कुठी? यायचा जीव वाचावा म्हनून मी तडफडून राह्यली होती, आन यायनं तो वाचवला मले पुढं करून. मी पुढं झाली असती. अशीच झाली असती, आनंदानं. फक्त बिबट्यानं सांगाच्या आधी यायनं सांगाले पाह्यजे होतं.

भेव मलेई वाटलं. हे भ्याले त्याचं मले काही नाई. पन घरी आल्यावर एकदा तरी इचाराचं, तुले लागलं का कुठी? तीराचं इचारलं.

मेले असते तर रडली असती. जिते हायेत, आन आज यायले भाकर वाढताना मले असं वाटलं का कोन पाहुना बसला हाय.

३ फेब्रुवारी

देवसिंग आला. रानडुकरं तुरीत शिरली, नायकानं परवा निघाचं सांगतलं. ओसरीवर यायच्याजवळ थांबला नाई, सिधा चुलीपाशी आला. "भाभी, येतं ना?"

हे ओसरीवरून म्हने, "नाई येनार ते. बाईमानूस हाय."

म्या इचारलं, "मंग कोन उभं राहीन? तुमी?"

यायनं काचेचा तुकडा उचलला आन तो जुना तीर घासाले लागले.

देवसिंगाले म्हनलं, सांग नायकाले, येतो म्हनून.